रक्तगट, स्वभाव आणि लग्नाचा बायोडेटा



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, 'रक्तगटावरून स्वभाव' या गमतीवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? मोबाइलवर येतं, वाचायचं, हसायचं, पुढं पाठवायचं. खरं सांगायचं तर आमचंही मत बराच काळ तसंच होतं. ते एका घटनेनं बदललं. ती घटना आधी सांगतो.

गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. अहिल्यानगर म्हणा किंवा सवयीनं नगर म्हणा. गाव आणि नावं सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीचं लग्न जमत आलं होतं. पत्रिका जुळली, बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघांनी एकमेकांना पसंत केलं. याद्या करायचा दिवस ठरायचा होता. आणि मुलाकडून निरोप आला, थांबा. का? तर बायोडेटात दोघांचा रक्तगट एकच निघाला, बी पॉझिटिव्ह. मुलाच्या चुलत्याचं म्हणणं, एक रक्तगट म्हणजे एकनाड, मुलं धड होत नाहीत. घरातल्या आणखी कुणीतरी भर घातली की, बी गटाच्या पोरी हट्टी असतात, ग्रुपवर आलं होतं. स्थळ मोडलं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. मुलाचा गटही बीच होता, पण त्याचा हट्ट कुणी विचारात घेतला नाही. आणि त्याच घरात थोरल्या भावाचं लग्न मामाच्या मुलीशी झालेलं. म्हणजे जिथं रक्ताचं नातं खरोखर जवळचं, तिथं कुणाला शंका आली नाही.

ती मुलगी आम्हाला एवढंच म्हणाली, "माझ्या रक्तात काय खोट आहे, ते तरी सांगा." तिला तेव्हा आम्ही 'काही नाही गं' एवढंच म्हणालो. ते उत्तर पुरेसं नव्हतं. आज ते जरा नीट द्यायचा प्रयत्न करतो.

सुरुवात त्या मजकुरापासूनच करू. पुस्तकाची समीक्षा करतात तशी या फॉरवर्डची करू. तो साधारण असा असतो. ए गटाची माणसं शिस्तप्रिय, जबाबदार, पण मनात कुढणारी. बी गटाची मनमोकळी, कल्पक, पण हट्टी आणि आपलंच खरं करणारी. ओ गटाची धडाडीची, पुढारपण करणारी, पण तापट. एबी गटाची हुशार, पण थांग न लागणारी.

आता प्रत्येक वाक्यातला 'पण' बघा. त्या शब्दाच्या अलीकडं स्तुती, पलीकडं छोटा दोष. स्तुती आपल्याला आवडते, आणि दोष इतका माफक असतो की तो कबूल केल्यावर आपण प्रामाणिक ठरतो. जबाबदार पण मनात कुढणारा माणूस कोणता नाही? आपली आई तशीच, आपले सर तसेच, आणि एकटे असलो की आपणही तसेच. घरी एक प्रयोग करा. चारही वर्णनं चिठ्ठ्यांवर लिहा, गटाचं नाव लिहू नका. घरातल्या प्रत्येकाला म्हणा, तुझी चिठ्ठी ओळख. आणि मग रक्तगट ताडून बघा.

हा प्रयोग काही आमच्या डोक्यातून आलेला नाही. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात 'तुझा' निकाल ठेवला. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर आहे, आणि तो रस्त्यावरच्या दुकानातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेला आहे. तेव्हा 'पण माझ्या बाबतीत अगदी बरोबर लागू पडतं हो' असं जेव्हा आपल्याला कुणी सांगतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतात. तो मजकूर सगळ्यांनाच लागू पडेल असा लिहिलेला असतो.

आता हा मजकूर आला कुठून? आपल्याकडं ज्योतिषाची एवढी मोठी परंपरा, पण ही चीज मात्र बाहेरची आहे. ती जपानची.

कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०० ते १९०१ च्या सुमारास रक्तगट शोधले. त्याला १९३० साली नोबेल मिळालं. तो शोध कशासाठी होता? कुणाचं रक्त कुणाला चालतं आणि कुणाला दिलं की गुठळ्या होऊन माणूस दगावतो, हे कळण्यासाठी. पुढं १९२७ मध्ये ताकेजी फुरुकावा या जपानी प्राध्यापकानं रक्तगटावरून स्वभाव कळतो असं मांडलं. त्यामागचा आधार होता जवळच्या, ओळखीतल्या थोडक्या माणसांचा. ते मत काही वर्षं गाजलं आणि मागं पडलं. १९७१ मध्ये मासाहिको नोमी या लेखकानं ते पुन्हा उचललं. त्याचं वैद्यकाचं शिक्षण नव्हतं, पण लिहिण्याची हातोटी होती. कोणत्या गटाचं कोणाशी पटतं, यावरचं त्याचं पुस्तक प्रचंड खपलं.

मग जपानमध्ये ते सगळीकडं गेलं. लग्न जुळवणाऱ्या संस्था, मासिकं, टीव्ही. २००४ साली टीव्हीवर अशा कार्यक्रमांचं इतकं पेव फुटलं की, तिथल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या संस्थेला 'हे आवरा' असं सांगावं लागलं. कारण शाळेत, नोकरीत लोकांना गटावरून डिवचणं सुरू झालं होतं. त्या छळाला तिथं वेगळा शब्दच आहे, 'बुराहारा'. २०११ च्या त्सुनामीनंतर पुनर्बांधणीचं काम पाहणारे मंत्री र्यु मात्सुमोतो एका आपत्तिग्रस्त प्रांताच्या गव्हर्नरांशी उद्धटपणे बोलले. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला की आपला गट बी आहे, त्यामुळं आपण जरा उतावीळ आहोत. राजीनामा द्यावा लागलाच, पण रक्तगट ही सबब म्हणून कशी वापरता येते ते जगानं पाहिलं.

आता एक गंमत. जपानमध्ये सर्वांत मोठा गट ए, साधारण १०० तले ४०. बी त्याच्या निम्मे. आणि त्या मजकुरात शिस्तप्रिय, जबाबदार कोण? ए. हट्टी, आपमतलबी कोण? बी. बहुसंख्यांनी स्वतःबद्दल बरं लिहिलं, यात नवल नाही. पण तोच मजकूर जसाच्या तसा उचलून नगरला आणला की काय होतं? आपल्याकडं ओ आणि बी हे दोन गट सर्वांत जास्त, ए त्यांच्या मागं. साधारण तिघांत एक माणूस बी. म्हणजे जपानच्या समजुतीनं आपल्या या सभागृहातला एक तृतीयांश समाज हट्टी ठरला. मजकूर कुणी, कुठं, कुणाविषयी लिहिला, हे न विचारता तो पुढं पाठवला की असं होतं.

बरं, हे सगळं बाजूला ठेवू. उगम कुठलाही असो, म्हणणं खरं असू शकतंच की. कुणी विचारेल, रक्तगटाचा रोगाशी संबंध असतो ना? असतो. ओ गटाच्या लोकांत रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा कमी आढळतो. कॉलरा झाला तर तो ओ गटात जास्त तीव्र होण्याचा कल दिसतो. मग रोगाशी संबंध आहे तर मनाशी का नसेल? प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. अशा प्रश्नाला एकच उत्तर, मोजून बघा. आणि मोजलेलं आहे. केन्गो नावाता या जपानी संशोधकानं २०१४ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या मिळून १०,००० हून अधिक लोकांच्या सर्वेक्षणांची तपासणी प्रसिद्ध केली. ६८ प्रश्नांपैकी ६५ मध्ये गटागटांत दखल घ्यावी असा फरक नाही. उरलेल्या तीनमध्ये फरक इतका किरकोळ की त्यावरून एका माणसाबद्दल काहीही सांगता येणार नाही. रक्तगटाप्रमाणे जेवा म्हणणाऱ्या आहाराच्या पुस्तकाचंही तेच. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्येच १,४५५ जणांवर ते तपासलं. भाज्या जास्त असलेल्या आहाराचा फायदा झाला, पण तो सगळ्याच गटांना झाला.

रक्तगट म्हणजे असतं तरी काय? लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला कोणती साखर जोडली आहे, यावर ए की बी ते ठरतं. दोन्ही जोडल्या तर एबी, एकही नाही तर ओ. ही जोडणी करणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. एवढाच हा कारभार. ज्यांचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण होतं, त्यांचा रक्तगट काही महिन्यांत बदलून दात्याचा होतो. म्हणून त्यांच्या बायका 'हे आता शिस्तीचे झाले' असं सांगत येत नाहीत. आणि रक्तदान शिबिरात हमखास कुणीतरी विचारतं, दुसऱ्याचं रक्त चढवलं तर त्याचा स्वभाव येतो का हो? नाही येत. लाल पेशी फार तर १२० दिवस जगतात, आणि त्या ऑक्सिजन वाहतात, राग लोभ वाहत नाहीत.

इथं आपल्या मुंबईची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत असे रुग्ण सापडले, ज्यांच्या लाल पेशींवर ए आणि बी तर नाहीच, पण ओ गटात असते ती मूळची साखरसुद्धा नाही. त्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ म्हणून दिसतो. पण ओ गटाचं रक्त चढवलं तर त्या माणसाचा जीव जाऊ शकतो. फॉरवर्डवाला या माणसाला ओ समजून 'धडाडीचा, पुढारी' म्हणेल आणि त्याचं काहीच बिघडणार नाही. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञानं मात्र ओ समजून चालत नाही. ज्या ज्ञानात चूक झाली तर माणूस मरतो, त्याला खातरजमा करावीच लागते. ज्या मजकुरात चूक झाली तरी सांगणाऱ्याला काही तोशीस नाही, तो कशाचीच खातरजमा करत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येऊ. एकनाड म्हणजे एक रक्तगट, हे आपल्याकडं शिकलेली माणसंसुद्धा ठासून सांगतात. 'पूर्वजांना रक्तगट ठाऊक होते, त्यालाच ते नाडी म्हणत.' हिशेब करू. नाड्या तीन, आद्य, मध्य, अंत्य. रक्तगट चार, आरएच धरून आठ. तीनाचे चार कसे करायचे? पुढं बघा. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून, आणि नक्षत्र साधारण दिवसागणिक बदलतं. रक्तगट ठरतो आईबापांवरून, जन्माचा दिवस कोणताही असो. आई ओ आणि वडील ओ असतील तर त्यांची सगळी मुलं ओ. बॉम्बे गटासारखा दुर्मिळ अपवाद सोडा. पण त्याच मुलांच्या नाड्या आणि गण पत्रिकेत वेगवेगळे सापडतील. आपापल्या घरच्या पत्रिका काढा आणि ताडून बघा. आणि स्वभाव? एका ओ गटाच्या घरात एक भाऊ शांत, एक तापट, बहीण दोघांना धाकात ठेवणारी, हे आम्ही सांगायची गरज नाही.

नवरा-बायकोचा गट एकच असला तर मुलाला काहीही होत नाही. ही भीती निराधार आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगतो. उलट एक गट असणं सोयीचंच, अडीअडचणीला रक्त देता येतं म्हणतात लोक, तर तेही जपूनच. मूल व्हायच्या वयातल्या बायकोला नवऱ्याचं रक्त देणं शक्यतो टाळतात.

मग ही समजूत एवढी पक्की कशी झाली? आमचं म्हणणं असं. पत्रिकेत माणसाचा स्वभाव सांगणारा रकाना पूर्वीपासून होताच, गण. देव, मनुष्य, राक्षस. ३६ गुणांत गणाला सहा, नाडीला आठ. शिकलेल्या घरात 'मुलगी राक्षसगणाची आहे' असं मोठ्यानं म्हणायला आता लाज वाटते. रक्तगटाची नाही वाटत, कारण त्यावर लॅबचा शिक्का असतो. जुनाच प्रश्न नवा कागद घेऊन आला. आणि लक्षात ठेवा, तो रकाना बायोडेटात भटजींनी घातलेला नाही. आपण घातला, शास्त्रीय दिसावं म्हणून.

पत्रिकेचीही परीक्षा महाराष्ट्रात झालेली आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं यांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, कोणती कुणाची ते सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. एका संस्थेनं सगळ्या २०० पाहिल्या, त्यातल्या १०२ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच झालं असतं. आम्हाला या प्रयोगातली एक गोष्ट फार आवडते. 'तुमचं खोटं आहे' असं आधी म्हटलं नाही. 'या, दाखवा' म्हटलं.

हे झालं लग्नापुरतं. पण 'रक्तावरून माणूस' ही सवय लग्नाच्या मांडवात थांबत नाही. लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्यानं पहिल्या महायुद्धात सलोनिकाच्या आघाडीवर देशोदेशीच्या सैनिकांचे गट तपासले. त्यात हिंदी सैनिकही होते, आणि त्यांच्यात बी गट सर्वांत जास्त आढळला. १९१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांचं काम होतं मोजण्याचं. पण युरोपात लवकरच गटांवरून उच्च वंश, नीच वंश अशी मांडणी करणारे निघाले. आणि पुढं ज्यू म्हणून जन्मलेल्या त्याच लुडविक हिर्शफेल्डना नाझींनी वॉर्साच्या घेट्टोत कोंडलं.

एवढं लांब कशाला जा? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जो पुढं मुंबई इलाख्यालाही लागू झाला, त्याचा आधार काय होता? काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण आपल्याच जिल्ह्यात, श्रीगोंदा, कर्जत, जामखेडकडं, एखादी चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या पालाकडं का जाते? कारण आपल्या बोलण्यात ते अजून आहे, 'त्यांच्या रक्तातच आहे.' बी गटाची मुलगी हट्टी आणि पारध्याचं पोर चोर, ही दोन वाक्यं सारख्या वजनाची नाहीत. एकानं स्थळ मोडतं, दुसऱ्यानं पोरगं कोठडीत जातं. पण दोन्हींत माणूस न बघता त्याचं रक्त बघून निकाल लावलेला आहे. पहिलं वाक्य गंमत म्हणून शंभरदा पुढं पाठवलं की दुसरं बोलायला जीभ सैल होते.

मग रक्ताला काहीच विचारू नये का? जरूर विचारावं. ज्याचं उत्तर रक्ताकडं आहे, ते विचारावं. आपल्या जिल्ह्यात याचं उदाहरण आहे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेनं पाणी, चराई, दारू यांचे नियम केले हे जगाला माहीत आहे. त्याच गावानं लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी व्हावी, असाही नियम केला. त्यावर वाद घालता येईल. २०१७ चा कायदा सांगतो की अशी तपासणी समजावून सांगून, माणसाच्या संमतीनंच करावी, आणि ते योग्य आहे. पण प्रश्न बघा. रक्तात विषाणू आहे की नाही, याचं उत्तर रक्त देऊ शकतं.

तसंच थॅलेसेमियाचं. आपल्या देशात १०० मागं तीन-चार माणसं त्याचे वाहक असतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता, की मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागेल. एका साध्या तपासणीत हे कळतं. किती बायोडेटात तो रकाना पाहिलात? आरएचचंही तसंच. बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर स्थळ मोडायचं कारण नाही. गरोदरपणात २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि पॉझिटिव्ह बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यायचं असतं. आणि सगळ्यात साधा प्रश्न, मुलीचं हिमोग्लोबिन किती? तो विचारला तर तिला खायला काय मिळतं, हेही विचारावं लागेल. म्हणून कदाचित आपण विचारत नाही.

हे अवघड आहे असं कुणी म्हणू नये. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, आणि त्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या बायका बाळंतपण, जुलाब, क्षय यांबद्दल नेमके प्रश्न विचारायला शिकल्या. नेमका प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

तेव्हा त्या मुलीला आज आमचं उत्तर असं. तुझ्या रक्तात खोट नाही. तुझ्या लाल पेशींवर एक साखर आहे, ती तुझ्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेली आहे. ती कुणाला रक्त देता येईल ते सांगते. तू हट्टी आहेस की नाही, ते तुझ्याशी चार दिवस बोलल्यावर कळेल. आणि हट्टी असलीस तरी ते तुझं असेल, बी गटाचं नाही.

एक-दोन प्रश्न घेऊ.

*प्रश्न : पण गंमत म्हणून वाचायला काय हरकत आहे?*

काही हरकत नाही. राशिभविष्य वाचून कुणी मेलेलं नाही. आमची हरकत आहे ती निर्णयाला. गमतीवरून कुणाला नाकारू नका, नोकरीला नको म्हणू नका. आणि पुढं पाठवताना एवढं आठवा की पलीकडं कुणाच्या तरी घरी याद्या व्हायच्या आहेत.

*प्रश्न : बायोडेटात रक्तगट लिहावा की नाही?*

आमचं मत, लिहू नये. तो वाहन परवान्यावर असू द्या, रक्तदात्यांच्या यादीत असू द्या. तिथं तो कुणाचा तरी जीव वाचवतो.